उधारीची पोपटी

कुणाची एक वाटीसुद्धा सूर्य मावळेपर्यंत नीताबाईंच्या घरात बाकी राहत नसे. सगळी नोकरी एका कंपनीच्या हिशेब खात्यात गेलेली. जमा आणि नावे जुळल्याशिवाय त्यांना रात्री अन्न गोड लागायचं नाही. त्या निवृत्त झाल्या, पाठोपाठ त्यांचे यजमान प्रभाकररावही झाले, आणि दोघांनी ठाण्याचा फ्लॅट विकून पळस्प्याच्या पुढे, गोव्याच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या गावात घर बांधलं. मागे भाजीचे वाफे, कुंपणाकडेला वालाचा पट्टा, डझनभर कोंबड्या आणि शेवंती नावाची एक बकरी. फ्लॅट विकला गेला, सवय मात्र सामानाच्या टेम्पोत बसून सोबत आली.

शेजारच्या भीमाबाईंनी पहिल्याच आठवड्यात वाटीभर जवळ्याची चटणी पाठवली. संध्याकाळच्या आत वाटी घासूनपुसून परत गेली, आणि तीत मोजून तेवढ्याच वजनाचे बेसनाचे लाडू. गावातल्याच काशिरामने शेतातल्या वालाच्या शेंगा टोपलीत आणून दिल्या, तर टोपली त्याच दिवशी अंडी घेऊन त्याच्या ओटीवर. गेल्या पावसाळ्यात प्रभाकररावांना ताप भरला तेव्हा जीवनने आपल्या टेम्पोतून त्यांना पनवेलच्या दवाखान्यात पोचवलं. दुसऱ्या सकाळी नीताबाई त्याच्या दारात शर्टपीस आणि मिठाईचा पुडा घेऊन उभ्या. जीवनने 'कशाला, कशाला' म्हणत घेतलं, आणि त्या दिवसापासून तो लांबूनच हात वर करून पुढे जायला लागला.

तर अशी सगळी खाती चोख. चार वर्षं झाली होती, आणि गावात एक माणूस नव्हता ज्याचं त्यांच्याकडे काही निघत होतं. तसाच एक माणूस नव्हता, जो त्यांच्या ओटीवर येऊन उगाच बसला होता.

गाव वाईट वागत नव्हतं. हळदीला बोलवायचं, ताट वाढून द्यायचं, 'म्याडम, आजून घ्या' म्हणायचं. मागे काही बोललं जायचं ते कोंबड्यांवरून. नीताबाई मासे, मटण सगळं खाणाऱ्या, पण घरच्या कोंबडीवर सुरी चालवायची त्यांची छाती होत नसे. प्रत्येकीला नाव होतं, आणि नाव असलेल्या जिवाचा रस्सा कसा करणार? त्या घरच्या कोंबड्या म्हातारपणाने मरतात, हे गावात सासरी आलेल्या प्रत्येक नव्या सुनेला मुद्दाम सांगितलं जायचं.

मागल्या जानेवारीत नीताबाईंनी पोपटी घातली होती. थंडी पडली आणि वाल भरला की इकडे घरोघर, शेतोशेत पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मग मडकं उपडं घालून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. हे एकट्याने खायचं अन्नच नाही. नीताबाईंनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांच्या चौकटीत आमंत्रण टाकलं. साऱ्या गावाने हात जोडले, अंगठे वर केले, कुणी केक पाठवला, तोही चित्रातला. प्रत्यक्षात चिटपाखरू आलं नाही. नवरा-बायको शेंगा सोलत आठवडाभर पोपटी खात बसले.

त्यात तो पावसाळ्यातला ताप. अंथरुणातून उठल्यावर प्रभाकरराव गप्प गप्प झाले, आणि एक दिवस म्हणाले, "या गावात आपलं कोण आहे, नीता?"

प्रश्न विचारायला आणि आभाताईंचा फोन यायला एकच गाठ पडली. आभाताई म्हणजे प्रभाकररावांची थोरली बहीण. पनवेलजवळ विचुंब्याला नवीन इमारत उठते आहे, खाली दवाखाना, समोर भाजीवाला, लिफ्ट आहे, शेजारी सगळी आपल्यासारखीच माणसं. त्यांनी फ्लॅट बघून ठेवला होता, भावाला पटवलं होतं, आणि जानेवारीत टोकन द्यायचं असं दोघांचं नीताबाईंना वगळून ठरलंही होतं.

नीताबाईंनी भांडण केलं नाही. त्यांनी अट घातली. "या वर्षीच्या पोपटीला गाव आलं तर इथेच राहायचं आणि विचुंब्याचं नाव काढायचं नाही. नाही आलं, तर आभाताई म्हणतील त्या मजल्यावर."

प्रभाकररावांनी मान हलवली. मागल्या वर्षीच्या शेंगा त्यांनीही सोलल्या होत्या, त्यामुळे त्यांना आपण जिंकलो असं वाटलं, आणि त्याचं थोडं वाईटही वाटलं.

पोपटीचा रविवार ठरला आणि आदल्या दिवशी आभाताई मुक्कामाला आल्या. त्यांच्या येण्याची एक पद्धत होती. एक भरलेली पिशवी त्यांच्या कपड्यांची, आणि तीन घडी घातलेल्या रिकाम्या, परतीच्या. आल्या आल्या चपला काढून थेट फ्रिज उघडायचा, 'काय आहे गं गोड' विचारायचं, मग मागे जाऊन पपई कुठली पिकली ते बोटाने दाबून बघायचं. लग्न झाल्यापासून नीताबाईंचा एक कुकर, एक इडलीपात्र आणि एक जांभळी साडी त्यांच्याकडे मुक्कामी होती, आणि ती परत येण्याची चिन्हं नव्हती. नीताबाईंच्या डोक्यातल्या वहीत आभाताईंचं पान सगळ्यात लांब होतं आणि सगळंच्या सगळं एकाच बाजूला.

दुपारी पपई काढायला काठी वर केली असताना नीताबाईंना ते पान आठवलं. या बाईने आपल्याला आजवर काय परत केलं? काही नाही. आणि पावसाळ्यात, तापात, धो धो पाऊस पडत असताना कोण आलं? हीच. एसटी बदलून, साडी गुडघ्यापर्यंत भिजवून आली, आणि आल्या आल्या आधी फ्रिज उघडला, मग भावाच्या कपाळावर हात ठेवला. चार दिवस राहिली. जाताना तीनही पिशव्या भरून नेल्या, पण चार दिवस राहिली.

काठी तशीच वर राहिली. जिच्याकडून सगळ्यात जास्त येणं बाकी, ती धावून आली. ज्यांचं खातं आपण दर संध्याकाळी मिटवत होतो, ती माणसं लांबून हात करून गेली. नीताबाईंनी गावातलं एकेक घर मनाशी आठवलं. सगळीकडे शिल्लक शून्य. कंपनीत खातं शून्य झालं की ते बंद करायची त्यांचीच सही चालायची. इथेही त्याच सही करत आल्या होत्या, वाटीवाटीने, टोपलीटोपलीने. जीवनचं तर शर्टपीस देऊन.

पपई आभाताईंच्या पुढ्यात धप्पकन पडली. "लक्ष कुठे आहे तुझं?" आभाताई म्हणाल्या.

"हिशेबात," नीताबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी कामाला हात घातला. पोपटीसाठी आणलेलं नवं कोरं मडकं पडवीत होतं. त्यांनी ते आडवं केलं, आत मूठभर पेंढा घातला आणि खुडुक बसलेली सुलोचना नावाची कोंबडी अंड्यांसकट उचलून त्यात ठेवली. सुलोचनाने जरा कुरकूर केली, मग जागा आवडल्यासारखी पसरून बसली. यानंतर नीताबाई वालाच्या पट्ट्याकडे गेल्या. महिनाभर राखलेला, दाणा टच्च भरलेला वाल. एक शेंग तोडून त्यांनी तोंडात टाकली, मोठा श्वास घेतला, आणि शेवंतीचं दावं सोडून वालाकडचं फाटक उघडलं.

आभाताई दात घासत होत्या. पेस्टच्या फेसातून त्या ओरडल्या, "नीता, अगं बकरी वालात शिरली."

"शिरू दे."

"अगं खातेय ती."

"भूक लागली असेल."

खोटं बोलणं नीताबाईंना जमत नसे. नसलेली नोंद त्यांनी जन्मात केली नव्हती. गावापुढे जाऊन 'माझ्याकडे वाल नाही, मडकं नाही' म्हणायचं, तर आधी ते खरंच नसायला हवं होतं. शेवंतीने ते काम मन लावून केलं. आभाताईंनी भावाला हाक मारून हळूच सांगितलं की हिला विश्रांतीची गरज आहे, टोकन उद्याच देऊन टाक.

रिकाम्या हातांनी नीताबाई भीमाबाईंच्या दारात गेल्या. गावात चार वर्षांत पहिल्यांदाच त्या कुणाच्या दारात हातात काही न घेता उभ्या होत्या, आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. भीमाबाई ओटीवर मासळी साफ करत होत्या.

"भीमाबाई, तुमचं पोपटीचं मडकं पाहिजे होतं."

भीमाबाईंनी विळीवरून नजर वर केली. "नवा मडका हाय ना तुमच्याकडं? सगल्या गावानं बगितला."

"त्यात कोंबडी बसलीये."

"कंची कोंबडी?"

"सुलोचना. अंड्यांवर आहे. उठवता येत नाही."

भीमाबाईंच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि पोटापर्यंत गेलं. पोपटीच्या मडक्यात कोंबडी जिवंत बसलेली, अंडी उबवत. असं काही त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. हसून झाल्यावर त्या आत गेल्या आणि काळंकुट्ट, कितीतरी जाळ खाल्लेलं मडकं घेऊन आल्या. चिरनेरच्या माहेराहून आणलेलं, त्यांनी सांगितलं, याला तडा गेला तर घरात पाऊल टाकू देणार नाय. मग मडकं पुढे करता करता त्या सावध झाल्या. "परत कदी देवाल? संध्याकाळपरत?"

इथे नीताबाईंची जीभ अडखळली. सगळ्या आयुष्याची सवय 'हो, सहाच्या आत' म्हणायला पुढे सरसावली होती. तिला त्यांनी आतल्या आत दाबलं.

"ते काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

भीमाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. चार वर्षांत बघितलं नव्हतं तसं. "बरा," त्या म्हणाल्या.

पुढचं सोपं गेलं. काशिरामला त्यांनी बकरीने वाल खाल्ल्याचं सांगितलं. तो खातरजमा करायला स्वतः कुंपणापर्यंत आला, उद्ध्वस्त पट्टा बघितला, शेवंतीच्या फुगलेल्या पोटावर थाप मारली आणि म्हणाला की बकरीची पोपटी झाली, आता माणसांची बघूया. त्याने शेंगा दिल्या आणि बजावलं की माझ्या वालाला जाडं मीठच घाला, तुमच्या त्या पिशवीतल्या बारीक मिठाने चव मरते. जीवनकडे नीताबाईंनी पेंढा आणि गोवऱ्या मागितल्या, वर टेम्पोने आणून टाकायलाही सांगितलं. तो हात जोडून म्हणाला, "म्याडम, मना काय देव नका हां परत."

"देणार नाही," नीताबाई म्हणाल्या. "मला कोंबडीपण लागणार आहे. माझ्या कापवत नाहीत."

"ता सगल्यांना म्हाईत हाय," जीवन म्हणाला, आणि टेम्पोची किल्ली शोधायला आत वळला.

दुपार टळली. अंगणात पालाच नव्हता, कारण भांबुर्डा काढायला कुणी जायचं ते नीताबाईंनी जाणूनबुजून ठरवलं नव्हतं. एकेकाला 'बघा मिळाला तर' म्हणून आल्या होत्या. भीमाबाईंचं मडकं, काशिरामच्या शेंगा आणि जीवनने दुपारीच आणून टाकलेला पेंढा-गोवऱ्यांचा ढीग एवढं अंगणात मांडून त्या पायरीवर बसल्या. प्रभाकरराव खुर्ची घेऊन शेजारी आले. आभाताई विचुंब्याच्या इमारतीचं चकचकीत पुस्तक चाळत बसल्या आणि मधून मधून एखादं पान नीताबाईंकडे वळवून दाखवू लागल्या. जिमखान्याचं चित्र होतं, त्यात एक गोरी बाई हसत होती.

ऊन कुंपणावरून खाली उतरलं. रस्त्याने दोघे-तिघे गेले, वळले नाहीत. प्रभाकररावांनी घसा साफ केला. "नीता, त्रास करून घेऊ नकोस," ते म्हणाले. जिंकणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो, हे नीताबाईंच्याही लक्षात आलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. काशिराम होता, खांद्यावर भांबुर्ड्याचा भारा. "मीठ कंचा आनलाय ता बगाला आयलू," तो म्हणाला. त्याने मीठ चिमटीत घेऊन बघितलं, समाधान झालं, आणि तो मडक्यात पाला लावायला बसला. त्याने दोन थर लावले नाहीत तोच कुंपणापलीकडून भीमाबाईंचा आवाज आला की माझ्या मडक्याला हात कोणी लावला. त्या पदर खोचत आत शिरल्या, काशिरामचा पाला उपसून बाहेर काढला आणि नव्याने लावू लागल्या. काशिराम म्हणाला, वाल माझा हाय. भीमाबाई म्हणाल्या, मडका माझा हाय. अंगण कोणाचं, हे कोणी विचारलं नाही, आणि नीताबाईंना त्यात फार सुख वाटलं.

जीवनचा टेम्पो आला तो कोंबड्या मसाला लावून घेऊन, आणि मागे बायको, आई, दोन काका आणि पोरं भरून. आपली कोंबडी मडक्यात खाली जाते की वर, हे बघायला एवढी माणसं लागत नाहीत. पण ती आली. उसनं दिलेल्या वस्तूचं पुढे काय होतंय हे पाहायला ज्याने त्याने आपापल्या घरची दोन-चार जणं आणली होती. गोवऱ्या रचून झाल्या, मडकं उपडं झालं, जाळ धडधडून वर चढला आणि थंडीला मागे सरावं लागलं.

आणि मग, ज्याचा नीताबाईंनी हिशेबच केला नव्हता, तसं काही घडलं. फाटकात मोनाली उभी होती, काशिरामची वेगळी चूल मांडलेली थोरली सून, कमरेवर बटाट्यांची पाटी. चेहरा फुगलेला.

"आमच्याकडं मागावासा वाटला नाय तुमाला?" ती म्हणाली. "मामांकडना शेंगा घेतल्या, बटाटा कोन देनार? मी काय या गावात नाय?"

नीताबाई पुढे झाल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या, आणि पाटी घेतली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या, त्यांनाही मागितलं नव्हतं म्हणून त्याही रुसलेल्या, आणि रुसव्यासोबत एकीच्या हातात अंडी, एकीच्या हातात रताळी. पहिलं मडकं अजून जळत होतं. जीवनने टेम्पो देऊन घरचं दुसरं मडकं आणायला कुणालातरी पिटाळलं. सुलोचनाला उठवावं का, असंही एक जण म्हणाला. त्याला चारी बाजूंनी गप्प केलं गेलं.

मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र करून उडालं, तेव्हा भीमाबाई म्हणाल्या झाली. अंगणात गोणपाट पसरले, त्यावर केळीची पानं, आणि पोपटी ओतली. वाफेत भांबुर्ड्याचा आणि ओव्याचा वास सुटला. माणसं चारी बाजूंनी दाटीवाटीने बसली. आभाताई बावरून उठल्या आणि पाणी वाढू लागल्या, तर भीमाबाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"तुमी पावन्या. तुमी बसा." मग मान वळवून, "गो नीता, उबी काय ऱ्हायलेस? पानी आन. आनी आयकतस का, कांदा काप जरा."

अंगणात इतक्या जणांसमोर, नीताबाईंच्या स्वतःच्या घरात, त्यांना कोणीतरी एकेरीत कामाला लावलं होतं. नीताबाई पाणी आणायला इतक्या लगबगीने धावल्या की पायरीवर चप्पल राहिली. कांदा कापताना डोळ्यांतून पाणी आलं, त्याला कारण कांदा होता असं त्यांनी प्रभाकररावांना नंतर सांगितलं. त्यांनी मान्य केलं, कारण त्यांचेही डोळे धुराने लाल झाले होते. त्यांना तर काशिरामने जाळ ढोसायच्या काठीसकट पुढच्या रविवारसाठी नेमून टाकलं होतं. आमच्या शेतात पोपटी हाय, जाळ तुमी बगायचा साहेब, आमच्या पोरांना धीर नाय.

आभाताई बराच वेळ वालाच्या शेंगा सोलून खात होत्या. त्यांच्यापुढे सालींचा ढीग सगळ्यात उंच होता. जीवनच्या आईने त्यांना विचारलं, तुमी कुठल्या. ठाण्याच्या, त्या म्हणाल्या. मग थांबून, जवळजवळ तक्रारीने, "ही माझी भावजय." त्यात एवढा अभिमान होता, की नीताबाईंनी कुकरचं आणि इडलीपात्राचं नाव कायमचं खोडून टाकलं. साडीचं मात्र नाही. साडी पुन्हा ठाण्याला जायचं निमित्त होती.

"प्रभा," सगळे गेल्यावर आभाताई म्हणाल्या, "त्या विचुंबेवाल्यांना मी उद्या कळवते."

"काय कळवणार?"

"की तुला लिफ्ट नकोय म्हणून. अजून काय कळवणार?"

सकाळी अंगणात दोन मडकी, एक टोपली, तीन पाट्या आणि कुणाचा तरी तांब्या पडून होता. त्यातलं काहीही नीताबाईंनी जागेवरून हलवलं नाही. चहा गाळताना त्यांना खिडकीतून भीमाबाई दिसल्या. कुंपणाच्या मोडक्या जागेतून त्या आत आल्या, हाक न मारता, इकडेतिकडे न बघता, कढीपत्त्याच्या झाडापाशी गेल्या आणि डहाळी ओरबाडू लागल्या.

"अगं," आभाताई कुजबुजल्या, "ती बघ. न विचारता घेतेय."

"हो," नीताबाई म्हणाल्या, आणि चहा तसाच ठेवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "वरच्या फांदीची पानं घ्या, भीमाबाई. ती कोवळी आहेत."

भीमाबाईंनी वळूनही बघितलं नाही. फांदी खाली ओढली आणि दोन डहाळ्या जास्त तोडल्या.